केलेले न केलेले होईल काय?

मनुष्याच्या हातून एकदा घडलेले कर्म पुन्हा न घडलेले होऊ शकते काय, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनी, नैयायिकांनी आणि संतांनी आपापल्या परीने हाताळलेला असला, तरी आजच्या विद्यार्थ्याला तो पोथीच्या पानावर क्वचितच भेटतो; त्याला तो भेटतो चित्रपटाच्या पडद्यावर, आणि त्याहूनही अधिक वेळा संगणकाच्या खेळात, जेथे हरलेला डाव एक कळ दाबून मागे नेता येतो आणि मेलेला नायक पुन्हा उभा राहतो. वडीलधारी मंडळी या करमणुकीची बोळवण तुच्छतेने करतात, ते मला योग्य वाटत नाही. ज्या कल्पनेच्या संगतीत मुले आपले बालपण घालवितात, ती कल्पना कर्माविषयी, पश्चात्तापाविषयी आणि क्षमेविषयी काय गृहीत धरते, याची रुजुवात कोणीतरी घेतलीच पाहिजे. आणि तशी ती घेण्यास ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या चित्रपटाइतके सोयीचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

माईक न्यूएल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. त्याचे मूळ, जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली अ‍ॅपल कंपनीच्या संगणकासाठी एकट्याने रचलेल्या एका खेळात, आणि त्याच मालिकेत युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल येथील शाखेने २००३ साली काढलेल्या दुसऱ्या खेळात आहे. कथा थोडक्यात सांगतो. इराणच्या शरमन राजाने बाजारातील एका अनाथ पोराचे धैर्य पाहून त्याला पुत्र मानले, तो दास्तान. राजाचे औरस पुत्र दोन, तुस आणि गार्सिव्ह. राजाचा भाऊ निझाम याने, आलमूत नावाचे पवित्र नगर शत्रूला शस्त्रे पुरविते असा बनावट पुरावा उभा केला, आणि त्या पुराव्यावर विसंबून राजपुत्रांनी निरपराध नगरावर फौज घातली. त्या लुटीत दास्तानच्या हाती एक खंजीर आला.

या खंजिराची मूठ काचेची असून तिच्यात वाळू भरलेली आहे. मुठीच्या टोकाचे रत्न दाबले की वाळू सुटते, आणि ज्याच्या हाती खंजीर आहे त्याच्यासमोर जग उलटे चालू लागते: उगारलेले शस्त्र मागे जाते, पडलेला माणूस उठतो, उच्चारलेला शब्द ओठांत परततो. मुठीत मावते तेवढ्या वाळूने काळ जेमतेम एक मिनिट मागे जातो. परंतु आलमूतच्या पोटात वाळूचे एक प्रचंड घटिकापात्र आहे, आणि खंजीर त्यात खुपसला तर कितीही मागे जाता येते. दास्तानला पहिल्यांदा या शक्तीची प्रचीती येते ती अपघाताने, नगरीची राजकन्या तमीना हिच्याशी झालेल्या झटापटीत. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटतो तो सबंध चित्रपटातील सर्वांत खरा भाव आहे, कारण आपल्याला जे आठवते ते समोरच्याला घडलेच नाही, हे कळणारा तो तेथे एकटाच असतो.

पुढे राजाचा खून होतो, आळ दास्तानवर येतो, गार्सिव्ह आणि तुस मरतात, तमीना कड्यावरून कोसळते. आणि अखेरीस वाळू मोकळी होऊन काळ नगर पडल्याच्या क्षणापर्यंत मागे जातो. मेलेले सर्वजण जिवंत आहेत. दास्तान निझामाचे कपट भावांसमोर उघड करतो, निझाम मारला जातो, नगराची माफी मागितली जाते, आणि दास्तान व तमीना यांचा विवाह ठरतो. मधले सारे काही त्याला आठवते. इतर कोणालाच नाही. प्रेक्षक समाधानाने घरी जातो. मला मात्र या समाधानात एक फार मोठा अन्याय दडलेला दिसतो, आणि तो कोणता हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिण्यास मी प्रवृत्त झालो आहे.

आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धान्ताची परीक्षा करताना दोन दोष सांगितले आहेत: एक कृतहानि, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ नाहीसे होणे, दुसरा अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ पदरी पडणे. जी विचारसरणी या दोहोंपैकी एकालाही वाव देते ती नीतीचा पाया उखडते, असे म्हणून त्यांनी प्रतिपक्षाला वारंवार कोंडीत पकडले. वाळूचा खंजीर हे दोन्ही दोष एका झटक्यात करतो. गार्सिव्हचेच पाहा. हा भाऊ आरंभापासून दास्तानचा मत्सर करणारा, त्याला खुनी समजून त्याच्या पाठलागावर निघालेला. परंतु सत्य कळताच तो मारेकऱ्यापासून दास्तानला वाचविताना प्राण देतो. संशयाने भरलेल्या मनुष्याने आयुष्याच्या शेवटच्या घटकेत मिळविलेले ते पुण्य होते. काळ उलटला आणि गार्सिव्ह जिवंत झाला हे खरे. पण जो जिवंत झाला तो मत्सरी गार्सिव्ह. ज्याने भावासाठी देह ठेवला तो गार्सिव्ह कोठेच उरला नाही. सेसो नावाचा सुरे फेकण्यात निष्णात असलेला आफ्रिकी वीर, ज्याने तो खंजीर मिळवून देताना आपला जीव दिला, त्याचीही तीच गत. पाप पुसणाऱ्या वाळूने त्याच हाताने पुण्यही पुसले, आणि त्याबद्दल चित्रपटात कोणी हळहळलेदेखील नाही. उलट तमीना जिच्यापोटी विवाहास उभी राहते ती प्रीती तिने स्वतः अनुभवलेली नाही; वाळवंटातले भांडण, विश्वासघात, समेट, यांपैकी काहीही तिच्या वाट्याला आलेले नाही. न केलेल्याचे फळ तिच्या पदरी पडले आहे.

हा खंजीर पडद्याबाहेरच्या इतिहासात काय करील, हे पाहण्यासाठी माझ्या गावाकडे वळतो. मी होसकोटे येथे राहतो. बंगळूरच्या पूर्वेला जुन्या मद्रास रस्त्यावरचे हे गाव आज गुदामांनी आणि कारखान्यांनी वेढलेले असले, तरी सुगटूरच्या तम्मे गौडाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे किल्ला बांधला, १६३८ च्या सुमारास रणदुल्लाखानाच्या स्वारीत हा मुलूख विजापूरकरांकडे गेला, आणि बंगळूर, कोलार, बाळापूर या ठाण्यांबरोबर होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत आले. येथून जाणाऱ्या मराठी माणसाला ही माहिती सहसा नसते. त्याहूनही कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की १७६८ च्या ऑगस्टात, इंग्रज आणि हैदरअली यांच्यातील पहिल्या युद्धात, गुत्तीचे मुरारराव घोरपडे इंग्रजांचा कर्नल स्मिथ याच्या कुमकेस आपली फौज घेऊन याच होसकोट्यापाशी तळ देऊन होते, आणि २२ तारखेच्या रात्री हैदरने त्यांच्या छावणीवर अकस्मात छापा घातला.

त्या रात्रीचे जे वर्णन विल्क्सने आपल्या दक्षिण हिंदुस्थानच्या इतिहासात करून ठेवले आहे ते वाचताना अंगावर काटा उभा राहतो. अंधारात आपला कोण आणि परका कोण हे कळणे अशक्य, तेव्हा मुराररावांनी हुकूम दिला की आपल्यापैकी कोणीही घोड्यावर चढू नये. प्रत्येकाने आपल्या जनावराच्या तोंडाशी उभे राहावे आणि जो स्वार दिसेल त्याच्यावर, विचारपूस न करता, वार करावा. युक्ती साधी आणि अचूक होती. अशातच छावणीतील एक हत्ती जखमी होऊन बिथरला, त्याने खुंट्याची साखळी उपसली, ती सोंडेत धरून डावीउजवीकडे फिरवीत तो हैदरच्या घोडदळात घुसला, आणि ते घोडदळ मागे फिरून स्वतःच्याच पायदळावर कोसळले. छापा फसला.

आता कल्पना करावी की वाळूचा तो खंजीर त्या रात्री हैदरच्या कमरेला होता. त्याने तो दाबला असता, काळ मागे नेला असता, आणि दुसऱ्या खेपेस त्या हत्तीचा आधी बंदोबस्त केला असता. मग तो खंजीर मुराररावांच्या हाती पडला असता तर त्यांनीही तेच केले असते; आणि आठ वर्षांनी, १७७६ साली, त्याच हैदरने गुत्ती जिंकून त्यांना कब्बलदुर्गावर कैदेत टाकले व तेथेच त्यांचा अंत झाला, त्या वेळी तर त्यांनी वाळूचा शेवटचा कणही शिल्लक ठेवला नसता. एकाची पुसलेली चूक ही दुसऱ्याची हिरावलेली जीत असते. चित्रपटात हा प्रश्न निर्माण होत नाही, कारण खंजीर सज्जनाच्या हाती आहे असे आपल्याला आधीच सांगितलेले असते. परंतु सबंध जगाचा झालेला काळ, त्यात जन्मलेली बालके, सुटलेले कैदी, समेट झालेले भाऊ, हे सर्व रद्द करण्याची मुखत्यारी दास्तानला कोणी दिली, असे विचारण्याचा हक्क त्या जगातील प्रत्येकाला आहे. आलमूतच्या बाहेर, शेकडो कोसांवर, त्या दिवसांत कोणा स्त्रीला पुत्र झाला असेल. तिचे काय?

महाभारतकारांना या धोक्याची जाणीव होती. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही ब्रह्मास्त्र सोडतात, आणि ऋषी मध्ये पडून ते मागे घ्यावयास सांगतात. अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला ते आवरता येत नाही, आणि ते उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडते. अस्त्र सोडण्याची विद्या दोघांनाही होती, मागे घेण्याचे सामर्थ्य मात्र ज्याने आपले चित्त तपाने आणि संयमाने शुद्ध केले होते त्यालाच लाभले. केलेले आवरून घेणे ही कर्त्याच्या अंतःकरणाची परीक्षा आहे, असा त्या कथेचा रोख मी समजतो. वाळूच्या खंजिराला अशी कोणतीही अट नाही. तो निझामाच्या हातातही तितक्याच निमूटपणे चालतो.

मुराररावांच्या त्या हुकुमाकडे पुन्हा वळतो, कारण त्यात धर्मशास्त्राचा एक अवघड प्रश्न उभा आहे. अंधारात घोड्यावर दिसलेला एखादा स्वार शत्रू नसून आपलाच असता, आणि एखाद्या शिलेदाराने हुकुमाप्रमाणे त्याला तोडले असते, तर सकाळी प्रेत ओळखल्यावर त्या शिलेदाराने काय करावे? याज्ञवल्क्यस्मृती सांगते की न कळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते. जाणूनबुजून केलेल्याच्या बाबतीत मात्र प्रायश्चित्ताने मनुष्य केवळ व्यवहार्य होतो, म्हणजे लोकांनी त्याच्याशी व्यवहार ठेवण्यास योग्य ठरतो. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने यावर जे विवेचन केले आहे ते सूक्ष्म बुद्धीचा नमुना आहे: पापाच्या शक्ती दोन, एक कर्त्याला नरकाकडे नेणारी आणि दुसरी समाजातील व्यवहाराला आड येणारी, आणि एक गेली म्हणजे दुसरी गेलीच असे होत नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात प्रायश्चित्ताचा सर्व विचार मांडला आहे. तो वाचणाऱ्याला प्रायश्चित्त म्हणजे भटाभिक्षुकांनी काढलेला दंड, हा शाळेत रुजलेला समज टाकून द्यावा लागतो. त्या ग्रंथकारांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की घडलेले घडलेच आहे. प्रश्न एवढाच, की घडल्यानंतर त्या माणसाने कसे जगावे आणि इतरांनी त्याच्यासह कसे जगावे.

त्याचे उज्ज्वल उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. नेताजी पालकर शिवाजी महाराजांना सोडून गेला, पुढे मोगलांच्या कैदेत सापडला, १६६७ साली बाटविला गेला, महंमद कुलीखान या नावाने त्याला दूर अफगाणिस्तानच्या मोहिमांवर पाठविण्यात आले, आणि सुमारे नऊ वर्षांनी, १६७६ च्या जूनमध्ये, परत आल्यावर महाराजांनी त्याला विधिपूर्वक प्रायश्चित्त देऊन स्वधर्मात घेतले. त्या प्रसंगी काळ एक क्षणभरही मागे गेला नाही. ती नऊ वर्षे नेताजीच्या शरीरावर होती, मनावर होती, आणि त्याला पंक्तीला घेणाऱ्या प्रत्येकाच्या स्मरणात होती. त्याने महाराजांना सोडले होते हे तेथे कोणाला माहीत नव्हते? सर्वांना माहीत असताना, आणि माहीत असूनच, त्याला जवळ घेण्यात आले.

दास्तानच्या सुखान्तात ज्या एका गोष्टीचा अभाव मला इतका खुपतो ती हीच. तमीनेच्या नगरावर त्याने चाल केली, नगराचा दरवाजा त्याच्याच पराक्रमाने उघडला. आणि पुढे तिने हे सर्व विसरून नव्हे, हे सर्व आठवत असताना त्याच्यावर विश्वास ठेवला, त्याच्यासाठी कड्यावरून हात सोडला. क्षमेची याहून मोठी घटना मनुष्याच्या आयुष्यात होत नाही. वाळू उलटली आणि ही क्षमा नाहीशी झाली. नगराच्या लुटीबद्दल राजपुत्र औपचारिक दिलगिरी व्यक्त करतात ती निराळी. पण ज्या अपराधांची तमीनेला आठवणच नाही त्यांची क्षमा ती कशी करणार? क्षमा करणारा क्षमेपूर्वी दुखावलेला असावा लागतो. दुखावलेपणच पुसून टाकले तर अपराध्याला अपराधाचे ओझे एकट्याने वाहावे लागते, आणि ते उतरवून घेण्यास समर्थ अशी जगातील एकमेव व्यक्ती त्याच्याकडे अनोळखी नजरेने पाहत उभी असते. दास्तानला चित्रपटकारांनी राज्य, बंधू, वधू सर्व परत दिले, आणि क्षमा कायमची काढून घेतली. त्यांना हे कळले होते असे दिसत नाही.

योगवासिष्ठातील लवण राजाची कथा येथे आठवते. एक मायावी दरबारात येऊन मोरपिसांचा कुंचा फिरवितो, राजा काही घटका निश्चेष्ट होतो, आणि तेवढ्यात त्याने चांडाळांच्या वस्तीत एक अख्खे आयुष्य, विवाह, मुले, दुष्काळ यांसह भोगलेले असते. दरबाराच्या दृष्टीने काहीच घडलेले नाही. आठवण त्याची एकट्याची. पण हा राजा सिंहासनावर स्वस्थ बसत नाही. दुसऱ्या दिवशी तो विंध्याच्या रानात त्या वस्तीच्या शोधात निघतो, ती त्याला सापडते, आणि तेथे आपल्या जावयासाठी व नातवंडांसाठी रडणाऱ्या वृद्धेची कहाणी तो तिच्याच तोंडून ऐकतो. वेदान्ताच्या दृष्टीने या कथेचे तात्पर्य जगाच्या मिथ्यात्वाविषयी आहे, हे मी जाणतो. मला मात्र त्या राजाचे उठून जाणे फार मोलाचे वाटते.

या मालिकेच्या मुळाकडे पाहिले तर आश्चर्य वाटते, की जी गोष्ट चित्रपट हरवून बसला ती खेळांत होती. मेकनरच्या १९८९ च्या खेळात काळ उलटत नाही. राजकन्येची सुटका साठ मिनिटांत करावयाची असते. मधे नायक मेला तर तो मजला पुन्हा आरंभापासून चढावा लागतो, पण गेलेली मिनिटे गेलीच. त्या खेळात एके ठिकाणी नायक आरशातून आरपार उडी मारतो आणि त्याची छाया सुटी होऊन पळते. पुढे तीच छाया त्याचे औषध पिऊन टाकते, त्याला खाली पाडते, आणि अखेरीस तलवार उपसून समोर उभी ठाकते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार स्वतःलाच लागतो. तिला मारले तर आपण मरतो. वाट एकच असते: तलवार म्यान करावयाची आणि तिच्याकडे चालत जावयाचे, मग दोघे एक होतात. संगणकाच्या तोकड्या स्मृतीत निराळा शत्रू बसविण्यास जागा उरली नव्हती, म्हणून मेकनरने नायकाच्याच आकृतीतून ही छाया घडविली. कारण यांत्रिक असेल. निपजले ते मात्र अध्यात्माच्या कोणत्याही वर्गात शिकवावे असे आहे. आपल्या दुष्कृत्याला मारून टाकता येत नाही, ते आपले म्हणून पत्करावे लागते, हे दहा वर्षांच्या मुलाला तो खेळ बोटांच्या मार्फत शिकवीत होता.

२००३ च्या खेळात काळ उलटा फिरतो, आणि तेथे नायिका फराह ही हिंदुस्थानच्या एका महाराजाची कन्या आहे. इराणी राजपुत्र तिच्या पित्याचा वाडा लुटतो, वाळू मोकळी करून अनर्थ ओढवून घेतो, फराह त्याच्या डोळ्यांसमोर मरते, आणि तो काळ मागे नेऊन सर्व टाळतो. येथपर्यंत कथा चित्रपटासारखीच. परंतु त्यानंतर तो राजपुत्र, लढाई सुरू होण्यापूर्वीच्या रात्री, एकटा तिच्या दालनात जातो आणि आपण काय केले ते आरंभापासून अखेरपर्यंत तिला सांगतो. सबंध खेळ म्हणजे त्याने तिला दिलेला हा कबुलीजबाबच आहे, हे खेळणाऱ्याला शेवटी उमगते. तिचा विश्वास बसत नाही. त्या ठिकाणी राजपुत्र एक आगळीक करतो, तिचे चुंबन घेतो, ती संतापते, आणि तो खंजीर दाबून तेवढा क्षण पुसून टाकतो. हा त्या खेळावरचा डाग आहे, आणि तो मी झाकून ठेवू इच्छीत नाही. पण मग तो खंजीर तिच्या हाती परत देतो, आणि तिने बालपणी अंधाराच्या भयावर उपाय म्हणून आईकडून शिकलेला, त्याच्याखेरीज कोणालाही न सांगितलेला एक शब्द उच्चारून निघून जातो. ती स्तब्ध राहते. तिला आता विचार करणे भाग आहे.

पुसल्या गेलेल्या अपराधाचीही कबुली दिली पाहिजे, आणि ज्याचा अपराध केला त्याच्याकडेच ती दिली पाहिजे, हे या राजपुत्राला कळले होते. दास्तानला ते कळले नाही, किंवा त्याच्या कर्त्यांनी ते कळू दिले नाही. म्हणून धर्मविचाराच्या दृष्टीने मी खेळाला चित्रपटापेक्षा वरचे स्थान देतो. ज्या वाचकांनी केवळ चित्रपट पाहिला आहे, त्यांना माझी विनंती आहे की, स्वतःला खेळता येत नसल्यास घरातील मुलाच्या शेजारी बसून, त्यांनी तो २००३ चा खेळ शेवटच्या प्रसंगापर्यंत एकदा पाहावा, आणि फराहच्या जागी आपण असतो तर त्या राजपुत्राला काय उत्तर दिले असते, हे त्या मुलाला विचारावे.